ठासणीच्या रायफलीचा बार कसा जुळवायचा?

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, रायफल नव्या नेमबाजाला हमखास चक्रावते. रायफल तीच, माणूस तोच, दारू एकाच डब्यातली; तरी पाचपैकी तीन गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसतात आणि उरलेल्या दोन वीतभर लांब जातात. मग हात बघायचा, रायफल बघायची की दारू? ‘जुनाट हत्यार, त्याचा काय भरवसा’ म्हणून बरेच जण विषय मिटवतात.

पण हत्यार इतकं बेभरवशाचं नाही. 1874 साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर चांदमारीवर आयरिश आणि अमेरिकन संघांचा 800, 900 आणि 1,000 यार्डांवर सामना झाला. आयरिश नेमबाजांकडे ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या. अमेरिका 934 विरुद्ध 931 अशी जेमतेम जिंकली, आणि तेही एका आयरिश नेमबाजाची गोळी चुकून शेजारच्या लक्ष्यावर बसली म्हणून. तो नेम स्वतःच्या लक्ष्यावर धरला असता तर निकाल उलटला असता.

त्या रायफली नेमक्या जागी मारत होत्या, कारण त्यांचे बार जुळवलेले होते. काडतुसाच्या रायफलीत दारूचं माप, गोळीचं वजन आणि घट्टपणा कारखान्यात ठरतो. ठासणीच्या रायफलीत दर गोळीला नवं काडतूस तयार होतं तेच मुळी नळीत, नेमबाजाच्या हातानं. म्हणजे कारखाना तोच, आणि मालाची तपासणीही त्यालाच करायची. चांदमारीवर बार तपासणं म्हणजे ही तपासणी.

## बार म्हणजे नेमकं काय काय?

या लेखात ‘बार’ म्हणजे एका गोळीमागची सगळी जुळणी: कोणती दारू आणि किती, कोणती गोळी, तिच्याभोवती कसली चिंधी, चिंधीला कसलं वंगण, आणि पेटवायला टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी) की चकमक. यातलं एक बदललं की बार बदलला. एकाच बारानं, एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या गोळ्यांची भोकं कागदावर जिथे जमतात तो ‘पुंजका’. त्याची रुंदी सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमध्ये मोजतात.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन बसतात. काळ्या दारूच्या डब्यावर एफ हे अक्षर जितक्या वेळा असेल तितका दाणा बारीक. बारीक दाणा लवकर जळतो आणि दाब जास्त करतो. ढोबळ रिवाज असा की .45 इंच व्यासाच्या आणि त्याखालच्या नळीला तीन एफ, .50 आणि त्यावरच्या नळीला दोन एफ. चार एफ चकमकीच्या रायफलीत रंजक (आतला बार पेटवणारी चिमूटभर दारू) म्हणून कानाशी, म्हणजे आग आत जाते त्या छिद्राशी घालायची, नळीत नाही. दोन एफवरून तीन एफवर जायचं असेल तर माप आधी दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवावं.

नळीच्या आत आटे असतात. स्क्रूचे आटे दाट असतात, हे फार सैल, लांबलांब पिळाचे. भोवऱ्याला जाळीनं गिरकी मिळते तशी गोळीला या आट्यांमुळे मिळते. गोल गोळीला थोडी गिरकी पुरते, म्हणून तिच्यासाठीच्या नळीत 60 किंवा 66 इंचांत एक पूर्ण फेरा असतो. लांबट गोळी किंवा प्लास्टिकच्या कपातली सॅबो गोळी जास्त गिरकी मागते; तिच्या नळ्यांत साधारण 28 इंचांत एक फेरा. 48 इंचांचा पीळ म्हणजे दोघांशी जमवून घेणारा मधला मार्ग. 28 च्या नळीतून गोल गोळी भरपूर दारूवर मारायची आणि पुंजका फुटला की चिंधीला दोष द्यायचा, यात कागद आणि वेळ दोन्ही वाया जातात. पीळ आधी पाहावा, गोळी त्यानुसार निवडावी.

## मेजावर बसण्याआधी

साठवणुकीसाठी लावलेलं तेल नळीत राहिलं तर पहिली दारू ओली होते आणि बार फुसका निघतो. कोरड्या फडक्यानं नळी पुसावी, मग टोपीच्या रायफलीत दोन-तीन टोप्या रिकाम्या नळीवर उडवाव्यात. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून टोपी उडवली आणि पातं हललं, तर वाट मोकळी आहे. हललं नाही तर कान किंवा निपल (टोपी जिच्यावर बसते ती बारीक नळी) तुंबलेलं आहे.

बार तपासताना स्वतःच्या हाताची परीक्षा चालू नसते, म्हणून रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात. पुढची पिशवी लाकडी भागाखाली असावी. नळी थेट पिशवीवर टेकली की धक्क्याला ती वेगळी उसळते आणि गोळी भलतीकडे जाते. टेकू दर वेळी लाकडाच्या त्याच जागी यावा. तिथे टेपचा बारीक तुकडा चिकटवला की काम भागतं. सुरुवात 25 यार्डांवर करावी, कागदावर गोळ्या येऊ लागल्या की 50 वर. 100 यार्डांची घाई नको, कारण तिथे वारा आपला हिशेब मिसळतो.

बार ठासायच्या गजावर दोन खुणा हव्यात: एक नळी रिकामी असताना गज तोंडाशी जिथे येतो तिथे, दुसरी बार भरल्यावर जिथे येतो तिथे. पहिली खूण सांगते की आत आधीचा बार राहिलेला नाही, दुसरी सांगते की गोळी दारूवर टेकली आहे. दारूचं माप वाढवलं की दुसरी खूण सरकते, तेव्हा ती पेन्सिलीनं करावी.

## एका वेळी एकच गोष्ट

चांगला वैद्य तीन औषधं एकदम बदलत नाही. बदलली तर गुण कशानं आला ते कळत नाही. इथेही तेच. सगळ्यात आधी दारूचं माप ठरवायचं, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून.

.50 ची, गोल गोळीच्या पिळाची रायफल घेऊ. नळीच्या व्यासाच्या आकड्याइतके ग्रेन, म्हणजे 50 पासून सुरुवात करायची हा जुना आणि शहाणा रिवाज. गोळी .490 इंचाची, शुद्ध शिशाची, वजन सुमारे 177 ग्रेन. चिंधी .015 इंच जाडीची, सुती. 50 ग्रेनवर पाच गोळ्या, मग 55 वर पाच, मग 60, असं पाच-पाचनं 80 पर्यंत. वरची मर्यादा रायफल बनवणाऱ्यानं दिलेली असते. ती ओलांडायची नाही, पुंजका कितीही खुणावो. प्रत्येक मापाला नवा कागद, आणि कागदावर लगेच माप, दारू, चिंधी, वंगण, वारा आणि वेळ लिहायची. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याला चौथ्या कागदानंतर काही लक्षात राहत नाही.

सात मापं, पाच-पाच गोळ्या, म्हणजे 35 बार. मध्ये पुसणं-ठासणं धरलं तर एका बैठकीला ते भरपूर होतात, आणि शेवटच्या मापांना थकलेला खांदा येतो. मग 75 आणि 80 वर पुंजका पसरला तर तो दारूमुळे की दमल्यामुळे? यावर सोपा तोडगा: दुसऱ्या दिवशी तीच मापं उलट्या क्रमानं, 80 कडून 50 कडे मारायची. दोन्ही दिवशी जे माप घट्ट बसलं, तेच खरं.

बहुतेक वेळा चित्र असं दिसतं: सुरुवातीला पुंजका सैल, मग एका टप्प्यावर आवळतो, आणि पुढे पुन्हा फुटतो. आवळलेल्या मापाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच ग्रेन करून पाहावं. शेजारची मापंही बरी बसत असतील तर ते माप पक्कं धरावं. एकच माप सुरेख आणि दोन्ही शेजारी वाईट असतील, तर तो बहुधा योगायोग.

माप ठरलं की मग चिंधीची जाडी, मग वंगण, शेवटी गोळीचा व्यास: .490 ऐवजी .495. क्रम असाच असावा असं नाही, पण एका वेळी एकच.

## जळकी चिंधी वाचता येते

या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा जमिनीवर पडलेला असतो. चिंधी, म्हणजे नेमबाजांच्या भाषेत पॅच, गोळीबरोबर बाहेर पडते आणि काही पावलांवर गळून पडते. चांदमारीवर गोळीबार थांबल्याचा पुकारा झाला की पुढे जाऊन ती गोळा करावी. कधी ती धुमसत असते, वाळलेलं गवत असेल तर जपावं.

आधी चिंधीचं काम पाहू. सायकलच्या पंपात वायसर असतो. तो सुकला की दांडा कितीही दाबा, हवा बाजूनं निसटते. चिंधी हा गोळीचा वायसर. .50 च्या नळीत .490 ची गोळी टाकली तर दोन्ही बाजूंना पाच-पाच हजारांश इंच फट राहते. .015 ची चिंधी आट्याच्या उंचवट्यावर दबून एक तृतीयांश होते. आट्याची खाच समजा दहा हजारांश खोल आहे. तिथे फट होते पाच अधिक दहा, म्हणजे नेमकी पंधरा. चिंधी ती जेमतेम भरते. खाच याहून खोल असेल तर .018 किंवा .020 ची चिंधी लागणार, हे एकही गोळी न मारता कळतं.

मारलेली चिंधी सपाट पसरून पाहावी. मधोमध गोळीच्या बुडाएवढा काळा डाग, भोवती घड्यांच्या फिकट रेषा, कापड अखंड, कडेला थोडे धागे सुटलेले: बार निरोगी आहे. जवळजवळ पुन्हा वापरावी अशी दिसली पाहिजे.

मध्यभागी जळून भोक पडलं असेल तर आच कापडाच्या सोसण्यापलीकडची होती. दारू जास्त, वंगण कमी, किंवा कापड कमजोर. वंगण वाढवून पाहावं, नाहीतर दारू आणि गोळी यांच्यामध्ये लोकरी नमद्याची चकती घालावी. काळ्या डागाच्या कडेनं, आट्यांच्या जागी करपलेले ठिपके असतील तर वायू बाजूनं निसटतोय. चिंधी जाड करा किंवा गोळी मोठी. ठरावीक अंतरावर ब्लेडनं कापल्यासारखे चिरे असतील तर धार नळीची आहे.

ती धार कुठे, हेही शोधता येतं. दारू न घालता चिंधीसह गोळी ठासायची आणि गोळी काढायच्या स्क्रूनं परत ओढायची. चिंधी ठासतानाच चिरली असेल तर नळीच्या तोंडाची कड किंवा नवे, धारदार आटे दोषी आहेत. ठासताना शाबूत आणि मारल्यावर चिरलेली, तर दोष दाबाचा आणि जाडीचा.

सगळ्या चिंध्यांच्या चिंधड्या झाल्या असतील तर आधी कापड तपासा. सुती किंवा लिननचं, घट्ट विणीचं हवं. कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर तो वितळून नळीला चिकटतो. नवं कापड धुऊन खळ काढावी. जाडी डोळ्यांनी ठरवू नये, कॅलिपरनं मोजावी.

## काजळी: अर्धी लढाई इथेच

काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही. घन राखेच्या रूपात मागे राहतो. काही धुरातून उडतो, बाकी नळीला चिकटतो. म्हणून दुसरी गोळी पहिलीपेक्षा अरुंद नळीतून जाते आणि तिसरी त्याहून. एकाच मापाच्या पाच गोळ्या कागदावर खालून वर किंवा एका बाजूला सरकत गेल्या, तर दारूच्या आधी काजळीवर संशय घ्यावा.

उपाय साधा आहे, कंटाळवाणा आहे. दर गोळीनंतर ओलसर फडकं एकदा आत, एकदा बाहेर, मग तेच उलटून पुन्हा, मग कोरडं. ओलसर म्हणजे पिळून काढलेलं. चिंब फडक्यानं काजळीचा चिखल खाली ढकलला जातो, पेटण्याची वाट तुंबते आणि पुढचा बार फुसका जातो. कोणी दर गोळीनंतर पुसतो, कोणी पाचांनंतर. दोन्ही चालतं, पण एकदा ठरवलं की तपासणी संपेपर्यंत तेच. दमट दिवशी काजळी मऊ राहते, कोरड्या उन्हात ती कडक कवच धरते. तेव्हा पुसण्यात टंगळमंगळ अजिबात चालत नाही.

वंगणाचा खरा उपयोगही इथेच: काजळी मऊ ठेवणं. मेण, चरबी, वनस्पती तेल असे प्रकार चालतात. खनिज तेल काळ्या दारूबरोबर डांबरासारखं चिकट होतं. 1857 साली ज्या एनफील्ड काडतुसांवरून भडका उडाला, त्यांवरची चरबीही गोळी नळीत सहज सरकावी यासाठीच होती.

## माप भांड्यानं की तराजूवर?

‘ग्रेन वजनाचा आहे, मग सगळे मापानं का भरतात?’ शंका रास्त आहे. काळ्या दारूत वजन आणि आकारमान जवळजवळ जुळतं, म्हणून पितळी मापावरचे ग्रेन चालून जातात. पर्यायी दारूंमध्ये मात्र ते जुळत नाही. पायरोडेक्स हलकी असते. तिचं माप काळ्या दारूच्या आकारमानाइतकं घ्यायचं, वजनाइतकं नाही. ट्रिपल सेव्हन त्याच आकारमानाला जास्त जोर देते, म्हणून बनवणारेच माप पंधरा टक्के कमी घ्यायला सांगतात. वजन आणि आकारमान यांची गल्लत झाली की पुंजका तर जातोच, दाबही धोक्याच्या हद्दीत जाऊ शकतो.

भांड्यानं मापताना भांडं भरायचं, दर वेळी सारखं टिचकवायचं, वरची दारू सपाट करायची. इतक्यावर फरक एक-दोन ग्रेनचा राहतो आणि 50 यार्डांवर तो कागदाला जाणवत नाही. स्पर्धक घरीच प्रत्येक बार तोलून छोट्या नळकांड्यांत भरून आणतात. ते चांगलंच, पण तोललेली दारू वेगवेगळ्या जोरानं ठासली तर तोलण्याचा फायदा तिथेच संपतो. हाताला जोराची सवय लावायची असेल तर दारू न भरलेल्या रायफलीचा दस्ता घरच्या वजनकाट्यावर टेकवून गज दाबून पाहावा. काटा 15 किलो दाखवो की 20, दर वेळी तोच आकडा आला पाहिजे. गोळी दारूवर घट्ट टेकवायची. गज आपटून ती चेपायची नाही.

## ‘तीन गोळ्या एका भोकात! आता आणखी काय हवं?’

आणखी दोन गोळ्या हव्यात, शक्य असेल तर आणखी सात. तीन गोळ्यांचा पुंजका नेहमीच खुशामत करतो. बार तोच ठेवला तरी पाच गोळ्यांचा पुंजका सरासरीनं तीनच्या पुंजक्यापेक्षा सुमारे सव्वापट मोठा येतो, आणि दहाचा दीडपटीहून मोठा. यात रायफल बिघडलेली नसते; जितक्या जास्त गोळ्या तितकी एखादी लांब जाण्याची संधी जास्त, एवढंच. म्हणून तीनचा पुंजका तीनशी आणि पाचचा पाचशीच ताडायचा.

त्यातही गंमत अशी की एकाच बाराचे पाच-पाच गोळ्यांचे दोन पुंजके लागोपाठ मारले तर एक दुसऱ्याच्या दीडपट निघणं नवल नाही. 60 ग्रेनवर दोन इंच आणि 65 वर सव्वादोन आलं म्हणून 60 ला हार घालू नये. दोन्ही पुन्हा मारावे. आणि लांब गेलेली गोळी ‘माझा हात हलला’ म्हणून वगळायची असेल, तर ते चाप दाबल्याक्षणीच, कागद पाहण्याआधी म्हणायला हवं.

## ‘दारू वाढवली की गोळी सरळ जाईल ना?’

वेगवान जाईल, तीही थोडा वेळच. गोल गोळी हवेशी फार वाईट झगडते. सेकंदाला सुमारे 1,800 फुटांनी निघालेली .490 ची गोळी 100 यार्डांवर पोहोचते तेव्हा तिचा वेग जेमतेम 1,000 ते 1,100 फूट उरतो. जितकी जोरात सोडाल तितका वेग हवा लवकर खाते, त्यामुळे जादा दारूचा लाभ लक्ष्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. धक्का, धूर आणि काजळी मात्र पुरेपूर पदरात पडतात, आणि चिंधी जळायला लागते ती इथेच. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 100 यार्डांवर अशा गोळीला जवळपास वीतभर ढकलतो. वाऱ्याच्या या हिशेबासमोर पाच ग्रेन दारूचा फरक किरकोळ आहे.

## बिघडतं ते कुठे

सर्वांत घातक चूक म्हणजे गोळी अर्ध्यावर अडकलेली असताना बार उडवणं. दारू आणि गोळी यांत मोकळी जागा राहिली की नळी फुगते किंवा फुटते. गजाची खूण जुळत नसेल तर टोपी बसवायचीच नाही. बिनधुराची आधुनिक दारू काळ्या दारूच्या रायफलीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांना पेलत नाही.

दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये. आत ठिणगी उरली असेल तर हातात अख्खा डबा असतो. आधी मापात, मग मापातून नळीत. टोपी सगळ्यात शेवटी, तोंड लक्ष्याकडे असताना.

घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर रायफल तशीच लक्ष्याकडे धरून किमान एक मिनिट थांबावं. दारू कधी उशिरा पेटते. मग नवी टोपी. दारू घालायचीच विसरून नुसती गोळी ठासण्याचा प्रकार गप्पांच्या नादात अनुभवी माणसाकडूनही होतो. तेव्हा निपल काढून कानातून थोडी बारीक दारू आत सारायची, गोळी गजानं पुन्हा तळाशी दाबायची आणि ती लक्ष्याकडे उडवून टाकायची. किंवा स्क्रूनं ओढून काढायची.

## पुंजका जमला, पण भलत्याच जागी

हे शेवटचं काम, आणि लोक ते सगळ्यात आधी करतात. पुंजका घट्ट होईपर्यंत माशीला (नेम धरायच्या, नळीच्या टोकावरच्या खुणेला) हात लावू नये. नंतर मागची दृष्टी, म्हणजे डोळ्याजवळची नेमाची खाच, गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची माशी उलट बाजूला. गोळ्या खाली लागत असतील तर माशी कानशीनं घासून बुटकी करतात. घासलेलं परत येत नाही, म्हणून दोन-तीन फटके मारून पाच गोळ्या मारायच्या, मग पुढचे फटके.

मग एकच कसोटी उरते. स्वच्छ, थंड नळीतली पहिली गोळी बहुधा बाकीच्यांपासून थोडी वेगळी जाते. तिची जागा हवी असेल तर चार-पाच वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी फक्त पहिली गोळी एकाच कागदावर मारायची आणि भोकाशेजारी तारीख लिहून तो कागद जपून ठेवायचा.